त्रिनाचा दम

साउतबाय
सोमवार, ४ मार्च

दोरा,

तुझा च्युइंगम मिळाला.

आठ महिने तोंडातून शब्द नाही, आणि मग एक दिवस पोर्ट एलिझाबेथहून खोकं येतं. मला वाटलं बहिणीला लाज वाटली, स्वेटर पाठवला असेल. उघडून बघते तर सिगारेट सोडायचा च्युइंगम. सोबत चिठ्ठी नाही, चार ओळी नाहीत. माझ्या डाव्या बाजूला चावायला दात नाहीत हे तुला माहीत आहे. ते काढले तेव्हा हात धरून तूच बसली होतीस. उजवीकडे एक चावून बघितला. रबराला मिरपूड लावल्यासारखी चव. अब्दीच्या दुकानात नेऊन म्हटलं, हे ठेव आणि बदल्यात साखर दे. तो म्हणाला, "आंटी, हे खपवायला मलाच गिऱ्हाइकाला साखर द्यावी लागेल."

तू सोडलीस, माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. मुलाकडे राहायला गेलीस, नातवंडं झाली, फुप्फुसं धुऊन दोरीवर वाळत घातलीस, आणि आता आम्ही पापी. मासळीच्या कारखान्यामागच्या भिंतीवर बसून मला पहिली सिगारेट कुणी दिली, ते एल्रिकोला सांगितलंस का? तुझ्या मुलाला ती गोष्ट आवडेल.

हे पत्र म्हणजे माफी नव्हे, आधीच सांगते. फोन का नाही केला असं विचारशील. रिचार्ज महाग झालाय. एवढंच कारण आहे.

यानच्या मयतीला काय झालं ते तू विसरली असशील, मी विसरलेली नाही. आपल्या थोरल्या भावाला नुकतंच वाळूत ठेवून आलो होतो. चर्चच्या हॉलमध्ये सगळं गाव चहा आणि सँडविचवर तुटून पडलं होतं. मी दारात उभी राहून एक पेटवली. भाऊ गेलेल्या बाईला तेवढी मुभा नको? तू आलीस, माझ्या ओठांतून ती ओढून काढलीस, टाचेखाली चिरडलीस आणि घसा फाडून ओरडलीस, "यान याच धुरानं गेला! आणि तू? एचआयव्हीच्या गोळ्या खाऊन इतकी वर्षं जगलीस ती यासाठी?"

कपबश्यांचा आवाज बंद झाला, दोरा. पाद्रीबाबांच्या हातातला केक तोंडापर्यंत पोचला नाही.

सोळा वर्षं मी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. तुला, यानला आणि क्लिनिकला ठाऊक होतं, बस. गोळ्या पिठाच्या डब्यात. क्लिनिकला जायचं तर ब्लडप्रेशर आहे म्हणून सांगायचं. सोळा वर्षांची ती मेहनत तू एका श्वासात संपवलीस. तुझ्याकडे श्वास आहे, वापरतेस.

आता ऐक, पुढे काय झालं. धक्क्यावर मासे साफ करताना सोफी आता स्वतःचा कप घरून आणते आणि जाताना घरी घेऊन जाते. चर्चच्या गाण्यात रेबेकानं मला पुढच्या रांगेतून उचलून मागे खांबाशी नेऊन उभी केली. पुढची ती जागा आईची होती, नंतर माझी. खांबामागून मला पाद्रीबाबा दिसत नाहीत, त्यांना मी दिसत नाही. हे तुझ्यामुळे. हां, दोघी जणी मागच्या दारानं येऊन "आंटी, त्या गोळ्यांनी चक्कर येते का हो?" असं हळूच विचारून गेल्या. त्यातली एक कोण हे कळलं तर तू खुर्चीवरून पडशील. पण सांगणार नाही. मी तुझ्यासारखी नाही.

थोडा खोकला आहे. वाऱ्याचे दिवस आहेत.

त्रिना


साउतबाय
शुक्रवार, १९ एप्रिल

दोरा,

तुझं उत्तर नाही. बरं.

मी लिहितेय कारण आज मला कुणावर तरी चिडायचंय आणि घरात कुणी नाही.

क्लिनिकला गेले होते. दर वेळी कसं असतं, सिस्टर झोलेका रक्ताचा रिपोर्ट बघते, विषाणू सापडत नाही म्हणते, माझी पाठ थोपटते, "आंटी त्रिना, तुमच्यासारखे दहा पेशंट मिळाले तर मी नाचेन." या वेळी तिनं पाठीला यंत्र लावलं आणि नाचायचं नाव काढलं नाही.

"रोज किती ओढता, आंटी?"

"थोड्या."

"थोड्या म्हणजे?"

"पाकिटात असतात तेवढ्या."

मला वाटलं टीबी असेल. टीबी असता तर चाललं असतं. आपल्याकडे टीबीची कुणाला लाज? गल्लीतल्या अर्ध्या लोकांना होऊन गेलाय. गोळ्या घ्यायच्या, अंडी खायची, बरं व्हायचं. दोनदा थुंकी तपासली. टीबी नाही. मी खट्टू झाले, हसू नकोस.

मग नळीत फुंकायला लावलं. झोलेका शेजारी उभी राहून ओरडतेय, "फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका!" बाळंतपणात सुईणी ओरडतात तशी. बाहेरच्या बाकावरचे लोक माना उंच करून बघायला लागले, की या वयात आंटीला काय होतंय. पडद्यावर रेघ उठली आणि लगेच आडवी झाली. डॉक्टर एक पोरगेलासा मुलगा. त्यानं ती रेघ बघितली, मग मला बघितलं, मग परत रेघ.

"तुमचं वय छप्पन्न," तो म्हणाला, "या छातीचं ऐंशी."

श्वासाच्या नळ्या आतून सुजून आक्रसल्यात म्हणे. फुप्फुसांचा जो भाग गेला तो परत यायचा नाही. उरलाय तो राखता येईल, पण सिगारेट आजच बंद केली तर. मी विचारलं, आणि तो विषाणू? तो मुलगा म्हणाला, "तो झोपलाय, आंटी. गोळ्या घेत राहिलात तर झोपूनच राहील. पण ज्यांच्या अंगात तो असतो त्यांची फुप्फुसं धुरापुढे इतरांपेक्षा लवकर हात टेकतात. आमच्याकडे तुमच्यासारखे खूप येतात. एचआयव्हीतून वाचलेले, आणि सिगारेटनं जाणारे."

आता सांग, भडकायचं नाही तर काय करायचं? सोळा वर्षं मी त्या क्लिनिकच्या बाकावर बसतेय. कंडोम वापरा, गोळी चुकवू नका, मीठ कमी खा, मुलांना लस द्या. भिंतीवर रंग दिसत नाही इतके कागद. सिगारेटचा कुणी चकार शब्द काढला? फाटकावरचा वॉचमन आणि मी त्याच भिंतीला टेकून एका काडीवर दोन पेटवायचो! मी हे सगळं बोलले, मोठ्यानं बोलले, म्हणजे मधे मधे थांबत बोलले. झोलेका ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. आम्ही तुम्हाला त्या एका गोष्टीपासून वाचवण्यात इतके गुंतलो होतो की दुसरीकडे बघितलंच नाही."

समोरचा माणूस असं कबूल करून टाकतो तेव्हा भांडायला काही उरत नाही, आणि त्याचाच जास्त संताप येतो.

ओढायला दोन पंप दिलेत. एक निळा, एक तपकिरी. पंप ओढायचा तर श्वास धरून ठेवावा लागतो. ज्याच्याकडे श्वास नाही त्याला म्हणे श्वास धरून ठेवा. डॉक्टर लोक असेच.

क्लिनिकमधून बाहेर आल्यावर मी सगळ्यात आधी काय केलं, हे तू ओळखलंच असशील. वॉचमनकडे काडी होती.

त्रिना


साउतबाय
बुधवार, २६ जून

दोरा,

थंडी इतकी आहे की नळाला हात लावला तर हात तिथेच राहील असं वाटतं. स्नूक माशांचा हंगाम जोरात आहे. काल बोटी भरून आल्या, धक्क्यावर चालायला जागा नव्हती.

मी आता मासे चिरत नाही. मालकानं मला मीठ लावायच्या टेबलाशी बसवलंय. बसून काम, वर पत्रा, वारा लागत नाही. म्हणाला, त्रिना, तुझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे, मिठाचा हात तुझ्यासारखा कुणाचा नाही. सोफी टब उचलून माझ्यापर्यंत आणते. टब रिकामा झाला की घेऊन जाते. तीच सोफी, स्वतःचा कप आणणारी. काय बोलायचं ते बोलू दे, टब आणते.

बरं, मालक असं काही म्हणाला नाही. तो म्हणाला, "तू इथे माझ्या धक्क्यावर पडून मेलीस तर पोलीस येतील आणि दिवसभराचा मासा नासेल." झालं समाधान?

सिगारेट सोडून बघितली. सकाळी अब्दीकडे गेले आणि सांगितलं, आजपासून मला सुटी विकायची नाही, पाकीट तर नाहीच, मी रडले तरी नाही. त्यानं छातीवर हात ठेवून कबूल केलं. दुपारी गेले.

"दे एक."

"आंटी, तुम्हीच सांगितलंत."

"आता मीच सांगतेय, दे."

"सकाळची आंटी जास्त शहाणी होती. मी तिचं ऐकणार."

मी त्याला त्याच्या आईबापांवरून, तो सोडून आला त्या देशावरून, त्याच्या शिळ्या पावावरून जे सुचेल ते बोलले. तो पठ्ठ्या डब्यांवरची धूळ पुसत राहिला. मग मी खालच्या वाडीतल्या दुकानात गेले. जाताना दोनदा बसले, येताना किती वेळा ते विचारू नकोस. आणि एका सिगारेटसाठी एवढं चालल्यावर ती पेटवायला छातीत हवा शिल्लक नव्हती. भिंतीवर बसून हातात धरून राहिले नुसती. एखाद्याला हसू आलं असतं. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मग दम परत आला, आणि ओढली.

तू कशी सोडलीस गं? कधी सांगितलंच नाहीस. तू नुसती सोडून आलीस आणि येऊन ओरडलीस.

आणखी एक. रेबेका रविवारी घरी आली होती, सूप घेऊन. मी दारातच सुनावलं, आता कशाला आलीस, रोगी बाईला खांबामागे लपवलंस ना? ती बघतच राहिली. म्हणाली, "कसला रोग? त्रिना, अगं, माझा सख्खा मेहुणा त्या गोळ्यांवर आहे. तू प्रत्येक ओळीच्या मधे श्वास घेतेस, शब्द तोडतेस, आणि पुढच्या रांगेत तू तोडलास की सगळ्या तुझ्यामागे तोडतात. तुला तोंडावर सांगायचं जिवावर आलं म्हणून खांबाशी नेलं."

म्हणजे ती एक गोष्ट तुझ्यामुळे नव्हती. एक. बाकीचं सगळं तुझ्यामुळेच आहे.

आणि रिचार्जचंही खरं सांगून टाकते, कारण एल्रिकोनं तुला सांगितलं असेलच. त्याचा फोन आला होता. मी उचलला, "हॅलो, एल्रिको" म्हटलं आणि तिथेच दम संपला. त्याला वाटलं मावशी रडतेय. "रडू नका, मावशी, आईला पण वाईट वाटतं," असं म्हणाला बिचारा. मी ते तसंच राहू दिलं. रडणारी मावशी बरी. पत्रात कसं, शब्दाशब्दाला थांबलं तरी वाचणाऱ्याला कळत नाही.

त्रिना


जिल्ह्याचं हॉस्पिटल, बायकांचा वॉर्ड
रविवार, ११ ऑगस्ट

दोरा,

घाबरू नकोस. नाकात नळी आहे, हात मोकळे आहेत, लिहिता येतंय.

गेल्या आठवड्यात शनिवारी सकाळी मिठाच्या टेबलाशी होते. पडसं झालं होतं, अंग तापलं होतं, पण हंगाम आहे, घरी कोण बसतं. श्वास आत जाईना. बाहेर येत होता, आत जाईना. बुडताना असंच होत असेल. शेवटचं आठवतं ते सोफी. माझं डोकं तिच्या मांडीवर, तिच्या हातांना माशाचं रक्त, आणि ती सगळ्या धक्क्यावर ओरडतेय, "बघत काय बसलात, गाडी आणा!" मालकाच्याच गाडीत, माशांच्या बर्फावर ताडपत्री टाकून मला आणलं. फुप्फुसात न्यूमोनिया. आधीच अर्धी गेलेली छाती, त्यात हे.

आता बरी आहे. इथलं जेवण असं आहे की बरं होऊन घरी जावंसंच वाटतं.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही.

शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती, चेस्लिन. चोविशीची. नखं रंगवलेली, अंगावर हाडं. तिलाही न्यूमोनिया. पहिल्या दिवसापासून माझ्याशी गप्पा. आंटी, तुम्ही कुठल्या, आंटी, मासे चिरताना हात कापत नाही का. दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, "तुम्ही सकाळी ती गोळी घेता ना, मी ओळखते. माझीही तीच होती. मी सोडली. माझा मित्र त्याच्या आईकडे राहतो, मीही तिथेच. डबी सापडली तर घराबाहेर काढतील." मी म्हटलं, पिठाच्या डब्यात ठेव. ती हसली, म्हणाली, पीठ त्याची आईच मळते.

मला आवडली ती, दोरा. उगाच नाही सांगत.

गुरुवारी दुपारी भेटायची वेळ. त्या मित्राची आई आली होती, फळं घेऊन, नीट टोपी घालून. वॉर्ड माणसांनी भरलेला. चेस्लिन तिच्याशी दोन शब्द बोलली आणि "आले हं" म्हणून उठली. गाऊनच्या खिशातून सिगारेट काढून मुठीत लपवली, ते मला दिसलं. व्हरांड्यात निघाली होती. चार पावलांत खाटेचा दांडा धरून उभी राहिली, धाप लागली, आणि तरी पुढे निघाली.

मला काय झालं ते सांगता येणार नाही. नाकातली नळी ओढून मी खाली उतरले, तिच्या मुठीतून ती काढली, मोडली, आणि माझ्याकडे नसलेल्या दमानं ओरडले, "अंगात विषाणू, गोळ्या सोडून बसलीस, छाती अशी, आणि वर हे ओढतेस? मरायचंय का तुला?"

माझे शब्द माझ्याच कानांवर आले तेव्हा उशीर झाला होता.

कुणाच्या तरी हातातली पिशवी खाली पडली. त्या टोपीवाल्या बाईनं फळं उचलली, दोरा. आणलेली फळं परत पिशवीत भरली, एकेक करून, आणि चेस्लिनकडे न बघता निघून गेली. दुसऱ्या दिवशी चेस्लिनचे कपडे एका पिशवीत भरून दारातल्या सिस्टरकडे देऊन गेली. बस.

चेस्लिन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी काय करणार? मी म्हटलं, चेस्लिन, माझी चूक झाली. पुन्हा म्हटलं. मग ती भिंतीशीच बोलल्यासारखी बोलली, "आंटी, तुमच्यावर कुणी असं ओरडलं असतं तर?"

"ओरडलं होतं. माझी बहीण. सगळ्या गावासमोर. हेच."

"मग?"

"एक वर्ष झालं, मी तिच्याशी बोलत नाही."

"मग मीही बोलणार नाही," ती म्हणाली. आणि बोलली नाही. काल तिची मावशी येऊन तिला घेऊन गेली. माझ्या खाटेजवळून गेली, मान वळवली नाही. रंगवलेली नखं तेवढी दिसली.

मी हे तुला का सांगतेय ते तुला कळतंय. मला ते लिहायला लावू नकोस. तू केलंस ते वाईटच होतं, अजूनही वाईटच आहे. मीही तेच केलं, आणि माझ्याकडे तर तुझ्यापेक्षा कमी हक्क होता. तू निदान माझी बहीण आहेस. त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच होतं की ही पोरगी माझ्यासमोर मरणार आहे आणि मला ते बघवत नाही. एवढंच होतं. बाकी काही नव्हतं. तुझ्या डोक्यातही एवढंच होतं का?

उत्तर दे. आता तरी दे. हॉस्पिटलच्या पत्त्यावर नको, घरी दे.

त्रिना


साउतबाय
मंगळवार, २४ सप्टेंबर

दोरा, अगं दोरा,

तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं. मग रेबेकाला वाचायला दिलं, कारण मला वाटलं मलाच नीट वाचता येत नाहीये.

तू पुन्हा ओढतेस?

यानच्या मयतीहून परत जाताना, बस जेवायला थांबली तिथे, पाकीट घेतलंस? माझ्या तोंडातली काढून चिरडल्यावर, त्याच दिवशी? आणि तेव्हापासून रोज, एल्रिकोच्या गच्चीवर, धुणं वाळत घालायच्या निमित्तानं? सुनेला वाटतं सासूबाई किती कामाच्या! आणि वर्षभर मला एक ओळ लिहिली नाहीस ती राग म्हणून नाही, तर कुठल्या तोंडानं लिहू म्हणून? आणि मी इथे खांबामागे बसून तुझी ती धुऊन वाळत घातलेली फुप्फुसं डोळ्यांसमोर आणून जळत होते!

मला तुझी मान धरून हलवावीशी वाटतेय. मला इतकं हसू आलं की मशीनचा बझर वाजला.

मशीन म्हणजे, हॉस्पिटलनं घरी दिलंय. हवेतला ऑक्सिजन गोळा करून नळीनं नाकात सोडतं. दिवसाचे बरेच तास लावून बसायचं. फ्रिजसारखं घरघरतं. त्याच्याजवळ काडी पेटली की मी, घर आणि शेजारचं घर, सगळं एकदम देवाघरी, असं झोलेकानं दारावर कागदच चिकटवलाय. आता तिच्या भिंतीवरही सिगारेटचा एक कागद लागलाय. मी सांगितलं, अक्षर मोठं कर, आमचे डोळेही गेलेत. म्हणून मी ओढत नाही. हॉस्पिटलात पडले त्या दिवसापासून नाही. मोठी जिद्द वगैरे काही नाही, स्फोटाची भीती आहे. मन अजून ओढतं. सकाळच्या कॉफीबरोबर हात आपोआप खिशाकडे जातो आणि रिकामा परत येतो, मग मी कुणावर तरी खेकसते. सोफी रोज संध्याकाळी येते, तिच्यावर खेकसते. तिनं तिचा कप माझ्याकडेच ठेवलाय, म्हणते ने-आण करायचा कंटाळा आला.

चेस्लिनचं म्हणशील तर झोलेका म्हणाली, गोळ्यांच्या रांगेत दिसली. मावशीबरोबर होती. मी निरोप पाठवू का विचारलं, तर झोलेका म्हणाली, "नका, आंटी. तिला वाटेल तेव्हा ती बोलेल." ते वाटलं नाही तरी मला ते गिळावं लागेल. तिचं घर माझ्या तोंडानं गेलं. रांगेत उभी आहे एवढं मला पुरे.

आता तुझं. तू लिहितेस, खोकला आहे, पण वाऱ्यामुळे असेल. दोरा, ही ओळ मी तुला लिहिली होती. मला शिकवू नकोस. तुझ्या अंगात विषाणू नाही, तुझी छाती माझ्याइतकी गेलेली नसेल, आणि नेमकं म्हणूनच मला तुझा जास्त राग येतोय. तुझ्याकडे वाचवण्यासारखं अजून पुष्कळ आहे आणि तू ते गच्चीवर जाळतेस. यान गेला. माझं हे असं. आपल्या घरात धड श्वास घेणारं कुणीतरी उरायला हवं की नको?

तू विचारलंस, माफ केलं का. मला विचारू नकोस. मी अजून चिडलेली आहे, आणखी काही वर्षं चिडलेली असेन, तुला सोसता आलं तर सोस. पण हे चिडणं आता मला पत्रात मावत नाही. समोर बसून चिडायचंय.

म्हणून ऐक. एल्रिकोला खरं सांग. तो ओरडेल, ओरडू दे. कपडे भर आणि ये. हंगाम संपलाय, घरात जागा आहे, आईची खाट तशीच आहे. या घरात तुला पेटवता येणार नाही, फाटकाच्या आतही नाही, कारण पेटवलीस तर दोघी एकदम जाऊ. रात्री तुला झोप येणार नाही, तू मला शिव्या देशील, मी तुला देईन, मला दम पुरणार नाही म्हणून भांडण तूच जिंकशील. चालेल. झोलेकाकडे जाऊन नळीत फुंकून दाखव. मी शेजारी उभी राहून ओरडेन.

टॅक्सी तुला डांबरी रस्त्याला सोडेल. मी तिथपर्यंत येऊ शकत नाही, आधीच सांगते, म्हणजे वाट बघत उभी राहायची नाहीस. मशीनची नळी पुढच्या पायरीपर्यंत पोचते, त्यापुढे नाही. मी पायरीवर बसलेली असेन. बाकीचं अंतर तू चालून ये.

तुझी त्रिना